मामंजींचं इंजिन

"तिला जरा अलीकडं सरकव," मामंजी म्हणाले. "त्या अंगाला आच जास्ती लागती. इंजिन आज रागात हाय."

मी बाजेवरनंच हात लांब करून सूप ओढलं. सुपात कापसाचा ढीग आणि त्या ढिगात माझी मुलगी. येणाऱ्या-जाणाऱ्याला नुसता कापूसच दिसला असता, एवढीशी ती.

"लोखंडाला कसला आलाय राग?" मी म्हटलं.

"लोखंड म्हनू नगं. ऐकू जातंय त्याला."

कोपऱ्यात भांडी लावत बसलेल्या आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, ताटली आपटली. "ऐकलंस का गं? लगीन होऊन आल्यापास्नं ह्या मानसाला माझं कवा ऐकू गेलं न्हाई. आन त्या सवतीला मातर समदं ऐकू जातंय म्हनं!"

मामंजी हसले आणि सवतीच्या पोटात एक लाकूड सारलं.

सवत म्हणजे आमचं इंजिन. इंजिन म्हणजे चूलच, पण विलायती, लोखंडी. पाचगणीत एका पारशी शेटांच्या बंगल्यावर मामंजी माळी आणि राखणदार होते. शेटांच्या आजोबांनी ही चूल बोटीनं मागवली होती. बंगल्यात गॅस आला तसं शेटांनी ती भंगारात काढली. मामंजींनी हात जोडले आणि बंगल्यामागच्या आमच्या खोल्यांत ती आणून बसवली. त्यासाठी दाराची चौकट काढावी लागली होती म्हणे, आणि आत्याबाई चार दिवस मामंजींशी बोलल्या नव्हत्या.

कमरेएवढी उंच, काळी कुळकुळीत. पुढं पितळेचा दांडा. वर गोल झाकणं, ती आकड्यानं उचलायची. पोटात दोन कपाटं, एकात जाळ आणि दुसऱ्यात नुसती ऊब. एका अंगाला पाण्याची टाकी आणि तिला तोटी. मागनं धुराडं पत्र्यातनं वर गेलेलं, त्यावरनंच तिला इंजिन नाव पडलं.

मी माणदेशातली. आमच्याकडं ढग आला की लोक अंगणात येऊन बघतात. आणि पाचगणीचा पावसाळा म्हणजे, बाई गं! भिंतींना ओल, मिठाचं पाणी, चपलांना बुरशी, आणि दार उघडलं की धुकं घरात. लग्न होऊन आले तेव्हा मी इंजिनाला घाबरायचे. चूल म्हणजे मातीची, तिच्यापुढं खाली बसून फुंकायची, एवढंच मला ठाऊक. उभ्यानं रांधायचं म्हणजे मला लाज वाटायची. पण पहिला पावसाळा संपायच्या आत मी त्याच्या प्रेमात पडले, खोटं कशाला सांगू! तवा लागायचा नाही, भाकरी सरळ त्याच्या पाठीवर टाकायची, आणि अशी टम्म फुगायची की एकटीच हसायचे मी. दूध कोपऱ्यात ठेवावं, सायीचा जाड थर घ्यावा. ऊबेच्या कपाटात मामंजी रताळी ठेवायचे, ती मधासारखी व्हायची. पहाटे तोटी फिरवली की कढत पाणी. दिवस गेल्यावर कंबर दुखायला लागली तशी मी त्या दांड्याला पाठ टेकून उभी राहायची. आत्याबाई म्हणायच्या, "झालं! सासऱ्याचं येड सुनंला लागलं."

आता माझ्या घरी गॅस आहे, चांगला आहे, एका काडीत पेटतो. पण पाठ टेकून उभं राहता येत नाही त्याला.

इंजिनाचा एक कायदा होता. आषाढात एकदा पेटवलं की गणपती बसेपर्यंत विझू द्यायचं नाही. विझलं की धुराड्यात ओल धरते, मग धूर वर जातच नाही, घरात परततो, आणि ते पुन्हा सुरू होईस्तोवर डोळ्यांचं पाणी थांबत नाही. म्हणून मामंजी उन्हाळाभर लाकडं फोडून, वाळवून, मागच्या पडवीत छतापर्यंत रचून ठेवायचे. ती लाकडं ते आत्याबाईंच्या दागिन्यांपेक्षा जास्त जपायचे. असं आत्याबाई म्हणायच्या हो, मी नाही.

त्या वर्षी मला आठवा लागला न लागला तोच कळा आल्या. आमचे हे एका शाळेच्या ट्रकवर ड्रायव्हर होते, सामान आणायला वाईला उतरले होते, आणि मागं घाटात दरड कोसळली. खाली जायची सोय नाही, वर यायची नाही. वीज गेलेली. बाजारात रॉकेल संपलेलं. आत्याबाईंनी आणि देवधर डॉक्टरांनी मिळून मला सोडवलं. डॉक्टरांनी पोरीला तळहातावर घेतलं.

"हिला खरं तर साताऱ्याला काचेच्या पेटीत ठेवायला हवं," ते म्हणाले. "पण रस्ता नाही. तेव्हा असं समजा, की ही अजून पोटातच आहे. ऊब तुटू द्यायची नाही. दूध थेंबाथेंबानं द्या, पण आधी ऊब. घटकाभरसुद्धा गार पडली तर मी काही करू शकणार नाही."

मग त्यांनी खोलीभर नजर फिरवली आणि इंजिनावर हात ठेवला. "हे आहे म्हणून बोलतोय. नाहीतर एवढंही बोललो नसतो."

मामंजी तेव्हापासून इंजिनापुढचा पाट सोडेनात. जेवण तिथंच, डुलकी तिथंच. जाळ जास्त झाला की कपाटाचं दार लोटायचे, कमी झाला की लाकूड सारायचे. मनगट पोरीजवळ धरून बघायचे, ऊब बेताची आहे का. आत्याबाई म्हणाल्या, "मी बसते जरा, तुमी अंग टाका." तर म्हणाले, "तुझ्यावर ते रुसलेलं असतंय. माझ्यापाशी सरळ चालतंय."

माझ्या अंगातलं रक्त बरंच गेलं होतं. हातपाय गार, दात वाजायचे. पोरीला छातीशी घ्यावं तर तिला माझ्यापास्नं ऊब मिळायच्याऐवजी तीच गार पडायची. आईच्या अंगाला ऊब नाही, म्हणजे काय करावं माणसानं? कापसाच्या वातीनं दूध पाजायचं आणि परत सुपात ठेवायचं. बाजेवर पडून मी एकदा पोरीकडं बघायची, एकदा जाळाकडं.

असे काही दिवस गेले. मग एका सकाळी मामंजी पडवीतनं लाकडं घेऊन आले, खाली ठेवली, पाटावर बसले. "जरा दम लागला," म्हणाले, आणि डोकं भिंतीला टेकलं. मला वाटलं, लागला असेल डोळा. किती दिवस झोप नव्हती! मी मुद्दाम बोलले नाही. आत्याबाई गोठ्यात होत्या. मी जाळाकडं बघत राहिले. जाळ पिवळ्याचा तांबडा झाला, मग बसायला लागला. मामंजींनी असा जाळ कधी बसू दिला नव्हता.

"मामंजी," मी हाक मारली. "लाकूड घाला की."

ते हलले नाहीत.

मी ओरडले. भिंतीला धरून उठले. आधी लाकूड घातलं की आधी त्यांना हात लावला, ते आता सांगता येत नाही. दोन्ही केलं. तोवर आत्याबाई धावत आल्या. त्यांनी मामंजींचा चेहरा दोन्ही हातांत धरला, दोनदा हाक मारली. नावानं. त्यांनी मामंजींना नावानं हाक मारलेली मी त्याआधी ऐकली नव्हती.

मग त्यांनी शेजारच्या बंगल्याचा राखणदार धोंडिबा, त्याला बोलावून घेतलं. सडाफटिंग माणूस, पावसाळ्यात आमच्याकडंच जेवायचा. दोघांनी मिळून मामंजींना पुढच्या ओट्यावर नेलं, कारण बाळंतिणीच्या खोलीत मढं ठेवता येत नाही. धोंडिबा पायवाटेनं खालच्या वाडीला भावकीला सांगायला पळाला. आत्याबाई परत आत आल्या, इंजिनात दोन लाकडं भरली, मनगट पोरीजवळ धरून बघितलं, आणि मला म्हणाल्या, "हिकडं ध्यान ठिव. मी त्यांच्यापाशी बसते."

बस्स, एवढंच. डोळे कोरडे. मला वाटलं, धक्का बसलाय.

दुपारच्या आत भावकी आली, पाच-सहा बाया आणि तेवढेच बाप्ये, चढ चढून, पावसात चिंब. ओट्यावर रडारड सुरू झाली. मी आत पडून ऐकत होते. तेवढ्यात दारातनं बनाकाकी आत आल्या. बनाकाकी म्हणजे मामंजींच्या धाकट्या चुलतभावाची बायको. भावकीत कुणाचं लग्न असो की मयत, काय करायचं, काय नाही, हे बनाकाकींनी सांगायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं. वाईट बाई नव्हे. उलट सगळ्यांच्या आधी कंबर बांधून उभी राहणारी. लुगड्याचं पाणी पिळत त्या आत आल्या आणि जागच्या जागी थबकल्या.

"अगं बया बया! घरात मढं हाय आन चुलीत जाळ?"

आता हे मी सांगायला नको, आमच्यात कुणी गेलं की त्या घरची चूल विझवतात. माती होऊन माणसं परत येईपर्यंत पेटवायची नाही. घास शेजारपाजार आणून घालतो. घरात मढं असताना चूल पेटती राहिली, तर लोक त्या घराला पिढ्यान् पिढ्या बोल लावतात.

"काकी, नको," मी म्हटलं. "पोरगी आहे. कच्ची आहे ती."

आता माझा आवाज तरी कुठं होता? घसा ओरडून बसलेला, दात वाजत होते. माझं मलाच नीट ऐकू येईना. काकींना वाटलं, मी सासऱ्यासाठी रडतेय. त्या जवळ आल्या, माझ्या डोक्यावरनं हात फिरवला. "रड गं बाई, रड. मोकळी हो. देवमानूस हुता."

"काकी, ऊब… डॉक्टर म्हणाले…"

"बाळंतिनीनं असं कष्टी व्हायचं न्हाई." त्यांनी सूप उचललं आणि माझ्या बाजेवर ठेवलं. "आन आगीपाशी कशाला ठिवलीया पोर? एक दिस शेक न्हाई मिळाला तर काय हुत न्हाई. आमची वाडीतली पोरं काय मेली का?"

त्यांना काहीच माहीत नव्हतं हो. वाडीला फक्त मामंजी गेल्याचा निरोप गेला होता. नात झाली एवढं उडतउडत कळलेलं, ती कशी झाली ते कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी नीट वाकून बघितलं असतं तर त्यांनाही कळलं असतं. पण त्यांचं लक्ष जाळाकडं.

मी उठायला गेले. पाय जमिनीला लावला आणि डोळ्यांपुढं अंधारी आली. बाजेची दोरी धरून तशीच अर्धी लोंबकळत राहिले. काकींनी आकड्यानं झाकण उचललं. कोपऱ्यातली पाण्याची कळशी उचलली. ती कळशी वर जाताना मला दिसली.

मातीच्या चुलीवर पाणी ओतलं तर काय होतं? वाफ होते, राख होते, दुसऱ्या दिवशी सारवलं की चूल तयार. काकींनी जन्मभर तेच केलेलं. लोखंड कित्येक दिवस तापलेलं होतं, त्यावर पावसाळ्यातलं गारठोण पाणी.

काडकन आवाज झाला. एवढा मोठा, की ओट्यावरचं रडणं थांबलं.

वाफेचा आणि राखेचा लोट छतापर्यंत गेला. लोट बसला तेव्हा दिसलं: इंजिनाचं तोंड वरपासून खालपर्यंत तडकलं होतं, जाळाच्या कपाटाचं दार एका बिजागरीवर लोंबत होतं, आणि फटीतनं काळं पाणी जमिनीवर येत होतं. ते पुन्हा कधी पेटलं नाही.

आत्याबाई दारात आल्या. त्यांनी इंजिनाकडं बघितलं, काकींकडं बघितलं. सरळ माझ्या बाजेपाशी आल्या, कापसात हात घातला आणि पोरीच्या पायाला बोट लावलं.

"गार पडायला लागली," त्या म्हणाल्या.

धोंडिबानं धावत येऊन पडवीतली कोरडी सालपटं तडकलेल्या कपाटात घातली, पेटवायला बघितलं. धूर फटीतनं भसाभस घरात. पोरीनं तोंड वासलं, खोकण्याएवढंसुद्धा बळ नव्हतं तिच्यात, नुसती वळवळली. खिडकी उघडावी तर धुकं आत. आत्याबाई ओरडल्या, "बंद कर! धुरानं मारतोस का तिला?" मग तेही संपलं.

आता सांगा, कुणी काय करायचं होतं? पावसाळ्यात आजूबाजूचे बंगले बंद. रॉकेल नाही. लाकूड होतं, पण धुराड्यावाचून जाळलं तर घरभर धूर. घाट बंद. एक वाडी खाली, एक बाजार लांब वर. मी मनातल्या मनात डॉक्टरांचं वाक्य घोकत होते, घटकाभर, घटकाभर, आणि माझे हात बर्फासारखे.

बनाकाकींचं तोंड आता पांढरं पडलं होतं. "द्या हिकडं. मी घेते छातीशी," त्या पुढं झाल्या.

"तू वली हायस," आत्याबाई म्हणाल्या. "समद्या वल्या हायसा. गारठलायसा."

खरंच होतं. पावसातनं आलेल्या सगळ्या बायांची अंगं गार. घरात कोरडं, ऊबदार अंग एकच होतं, आणि ते सकाळी रांडपण आलेल्या बाईचं होतं.

आत्याबाईंनी चोळीची गाठ सोडली. पोरीला उघडीच उचलली, छातीच्या मधोमध पालथी ठेवली, वरनं पदर, पदरावर कापूस, कापसावर गोधडी. माझ्या बाजेवर भिंतीला टेकून बसल्या आणि डोळे मिटून हळूहळू श्वास घ्यायला लागल्या.

"तुमी तिकडची कामं आटपा," त्या म्हणाल्या. "मला कुनी बोलवू नगा."

हे तर घाटाखाली अडकलेले; त्यांच्यावाचूनच पुरुषांनी तिरडी बांधली. सरणाला बाजारात कोरडं लाकूड मिळेना, म्हणून मामंजींच्याच पडवीतली लाकडं काढली. आत बसून आम्हाला ती एकावर एक पडताना ऐकू येत होती. मी आत्याबाईंकडं बघितलं. त्यांच्या तोंडावरची रेघ हलली नाही.

"कशी आहे?" मी विचारलं.

"हाय."

"श्वास?"

"लागतोय छातीला. बोलू नगंस."

थोड्या वेळानं बनाकाकी आल्या. यावेळी दाराशीच उभ्या राहिल्या. "उचलायचं म्हनत्यात. पावसानं उघडीप दिलीया. तुमी येता नव्हं? त्यांच्या पायावर डोकं ठेवायला?"

"न्हाई येत."

"असं कसं वो? शेवटचं बघायचं न्हाई?"

"ओट्यावर वारं हाय."

"मी धरते की तवर…"

"लुगडं वाळलं का तुझं?"

काकी पदर चाचपायला लागल्या. त्यांचं लुगडं वाळायला घरात होतं काय? मला राहवेना. मी म्हटलं, "आत्याबाई, जा हो. एकदा बघून या त्यांना. मी घेते, मरू दे माझं अंग गार असेना, तेवढ्या वेळात काय होतंय…"

"काय हुतंय ते तुला डाक्टरनं सांगितलंय," आत्याबाई म्हणाल्या. "गप पड."

त्यांच्या आवाजात ना राग, ना रड. मला त्यांचा राग आला, खरं सांगते. जन्मभर ज्या माणसाला टोमणे मारले, त्याच्या पायांशी जायला पाच पावलं नाहीत? पोरीसाठी आहे हे कळत होतं, तरी डोळ्यांत एक टिपूस नको?

बाहेर कुणीतरी बाई बोलली, मुद्दाम ऐकू येईल अशी, "डोळ्यात पानी न्हाई बगा म्हातारीच्या."

आत्याबाईंनी ते ऐकलं. फक्त ओठ आणखी घट्ट मिटले.

मग काकी आत आल्या, बाजेच्या कडेला बसल्या. बांगड्यांचं करायलाच हवं होतं. तिरडी उचलायच्या आत करायचं असतं. आत्याबाईंनी एक हात गोधडीखालनं काढून पुढं केला, दुसऱ्या हातानं पोरीची पाठ धरलेली. काकींनी मनगटाखाली कापडाचा धडपा घातला, हातात बत्ता घेतला.

"हळू फोड," आत्याबाई म्हणाल्या. "झोपलीया."

काकींनी बत्ता खाली ठेवला. त्यांनी बांगडीवर कापडाची घडी ठेवली, आणि वरनं दाबून, एक एक करून, बांगड्या मोडल्या. आवाज होऊ नये म्हणून. मग पहिला हात आत गेला, दुसरा बाहेर आला. कपाळावरचं कुंकू पुसताना आत्याबाईंनी नुसती मान पुढं केली. मी तोंडात पदर कोंबला होता.

बाहेर पुरुषांनी तिरडी खांद्यावर घेतली. बायांचा गलका उठला, मग लांब लांब गेला, मग नुसतं पागोळ्यांचं टपटपणं. आत्याबाईंचे डोळे मिटलेले, मान भिंतीला, आणि श्वास एकसारखा, मोजल्यासारखा. एकदाच मध्येच तो अडकला, घशात काहीतरी आल्यासारखा. त्यांनी दम कोंडला. तोंड लाल झालं. मग हळूच सोडला. गोधडी हलली नाही.

"पाणी देऊ का?" मी विचारलं.

त्यांनी मान हलवली, नको.

काकी उठल्या. "मी बाजारात जाते," म्हणाल्या. "शेगडी आनते. कोळसं आनते. डाक्टरला आनते. काय लागंल ते आनते."

"काकी, पाऊस परत सुरू झालाय," मी म्हटलं.

"मग काय मी इरघळते का?" त्या रडक्या आवाजात माझ्यावरच खेकसल्या, आणि गेल्या. छत्रीसुद्धा दुसऱ्या कुणाचीतरी होती.

त्या परत येईस्तोवर काय झालं ते सांगण्यासारखं काही नाही. काहीच झालं नाही. मी बाजेच्या एका टोकाला, आत्याबाई दुसऱ्या टोकाला, समोर ते फुटकं इंजिन. मधूनमधून मी विचारायची, "आहे?" त्या म्हणायच्या, "हाय." वातीनं दूध पाजायचं तर त्या गोधडी जराशी वर करायच्या, मी पोरीच्या ओठाला वात लावायची. एकदा तिनं चोखली नाही. मी आत्याबाईंकडं बघितलं. त्यांनी करंगळीनं तिच्या गालाला हळूच हात लावला, लावत राहिल्या, आणि मग ओठ हलले. देवाला काय काय बोलले असेन मी त्या दिवशी! काही नवस, काही शिव्या.

दिवस कलता कलता दारात उजेड दिसला. बनाकाकी पेटती शेगडी घेऊन आल्या होत्या, बाजारापासनं, पावसातनं. दोन्ही हातांनी शेगडी छातीपाशी धरलेली, छत्री स्वतःवर नाही, शेगडीवर. त्यांच्या पोलक्याच्या पुढच्या भागाला जळून भोकं पडली होती. मागं डॉक्टर, रबरी पिशव्या घेऊन.

ओट्यावरची ती मघाची बाई म्हणाली, "काकी, घरात इस्तू आनला?"

"भाईरनं आनलाय," काकी म्हणाल्या. "हितं पेटवला न्हाई. दोष लागायचा आसंल तर मला लागू दे."

कोळसा चांगला पेटलेला, धूर नव्हता. बाजेखाली शेगडी ठेवली, डॉक्टरांनी खिडकीची एक फट उघडी ठेवायला सांगितली. शेगडीवरच्या पातेल्यात पाणी तापलं, पिशव्या भरल्या, गोधडीत सरकवल्या. त्यांनी आत्याबाईंच्या छातीवरच पोरीला नळी लावून ऐकलं. बराच वेळ ऐकलं.

"चांगली आहे," ते म्हणाले. "पाय बघा. गुलाबी आहेत. मी मागं बघितली त्यापेक्षा बरी आहे. हे कुणी सुचवलं?"

काकींनी आत्याबाईंकडं बोट दाखवलं.

हळूहळू माझ्या पाठीला ऊब लागायला लागली. दात वाजायचे थांबले. आत्याबाई माझ्याकडं टक लावून बघत होत्या.

"हात शेक," त्या म्हणाल्या.

मी शेगडीवर हात धरले.

"चोळ. आनखी."

मी चोळले. त्यांनी माझा तळवा आपल्या गालाला लावून बघितला. मग माझ्या मानेवर हात ठेवला, छातीवर ठेवला. भाकरी भाजलीय का बघावं तशी एक एक जागा तपासली. मग गोधडीत हात घालून पोरीला अल्लाद सोडवली आणि माझ्या छातीवर ठेवली. वरनं पदर नीट केला, पिशव्या दोन्हीकडनं लावल्या, गोधडी खोचली.

"नीट धरलीस?"

"धरली."

"गरम लागतीया?"

"लागतेय, आत्याबाई."

"सोडू नगंस." त्यांनी चोळीची गाठ मारली, उठून उभ्या राहिल्या, आणि भिंतीला हात लावून क्षणभर थांबल्या. दिवसभर एकाच जागी बसून पाय आखडले होते. "रडलं की छाती हालती," त्या म्हणाल्या. "हिला हालवायची नव्हती. आता तू धर. मला रडायचं हाय."

त्या ओट्यावर गेल्या. मामंजींना ठेवलं होतं तिथं पिठावर दिवा लावलेला होता. दिव्यापाशी बसल्याचं मला दिसलं. आणि मग त्यांनी जो हंबरडा फोडला, तो मी आजवर कुणाला सांगू शकले नाही. मामंजींचं नाव घेऊन, सवतीचं नाव घेऊन, "मला ठिवून गेलास का रं," म्हणून. बनाकाकी त्यांना धरायला धावल्या आणि दोघी तिथंच कोसळल्या.

पोरगी माझ्या छातीवर झोपलेली होती. मलाही रडू फुटत होतं. मी ओठ घट्ट मिटले आणि हळूहळू श्वास घेत राहिले.